दगडावरची नावे

प्रवासास निघालेला मनुष्य डोंगर, नद्या, देवळे आणि शहरे पाहावयास निघालेला असतो. रणांगणे पाहावयाची असे मनाशी ठरवून घराबाहेर पडणारे थोडेच. तथापि वाट चालता चालता एखादे रणांगण किंवा एखादे युद्धस्मारक अवचित समोर उभे राहावे, हा अनुभव पुष्कळांना येतो. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्याला तर तो वारंवार येतो. गावाच्या वेशीजवळ किंवा एखाद्या जुन्या शिवालयाच्या आवारात कोरीव काम केलेला एक उभा दगड असतो. तो वीरगळ होय. त्याच्या खालच्या चौकटीत लढाई व तीत पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि सर्वांत वर सूर्य व चंद्र कोरलेले असतात. सूर्यचंद्र असेतोवर या वीराची कीर्ती राहो, असा त्या चिन्हांचा अर्थ आहे.

परंतु गावातील एखाद्या वृद्धाला विचारावे, ‘बाबा, हा वीर कोण?’ तर बहुधा उत्तर मिळत नाही. पुष्कळशा वीरगळांवर एकही अक्षर नसते. तो वीर गुरे वाचविताना पडला की गावाचे रक्षण करताना पडला, हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही. दगड राहिला, त्यावरचे सूर्यचंद्रही राहिले. नाव मात्र गेले.

स्मारक बांधणे ही गोष्ट त्या मानाने सोपी आहे. पैसा आणि पाथरवट मिळाले म्हणजे ती होते. परंतु ज्याच्यासाठी ते बांधले, तो मनुष्य लोकांच्या आठवणीत राहणे ही गोष्ट अवघड आहे. स्मारकाचे खरे मोल त्याच्या उंचीत नसते. ते त्यावरील नावात असते, आणि त्याहीपेक्षा, तेथे थांबून ते नाव वाचणाऱ्यात असते. ही गोष्ट नीट समजण्यासाठी दूरच्या एका देशाकडे वळले पाहिजे. त्या देशाच्या मातीत महाराष्ट्राचेही रक्त मिसळलेले आहे.

इटली देशात रोमहून नेपल्सकडे जाणाऱ्या प्रवाशाला वाटेत एका उंच डोंगरावर एक विशाल मठ दिसतो. तो मोंते कासिनोचा मठ होय. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात त्याची स्थापना केली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ सालच्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत, या डोंगराभोवती चार मोठ्या लढाया झाल्या. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी विमानांतून झालेल्या बाँबवर्षावात मठ उद्ध्वस्त झाला आणि तेथे आश्रयास आलेले अनेक नागरिकही मृत्युमुखी पडले. या डोंगराच्या उतारावर भारतीय पलटणीही लढल्या. युद्ध संपल्यावर मठ पुन्हा पूर्वीसारखा उभारण्यात आला. आज तो पाहणाऱ्याला त्याचा दगड न् दगड एके काळी विखुरला होता, हे खरेही वाटत नाही.

परंतु डोंगराच्या पायथ्याशी उतरले म्हणजे ते खरे वाटू लागते. तेथे राष्ट्रकुलातील देशांच्या सैनिकांचे समाधिस्थान आहे. हिरवळीवर ४,००० हून अधिक समाधिशिला ओळीने उभ्या आहेत. त्या सर्व सारख्या उंचीच्या आहेत. अधिकाऱ्याची शिला मोठी आणि साध्या शिपायाची लहान, असा भेद तेथे नाही. मधोमध उंच संगमरवरी फलक आहेत. ज्यांचा देह सापडला नाही किंवा ओळखता आला नाही, अशा ४,००० हून अधिक सैनिकांची नावे त्यांवर कोरलेली आहेत. त्यांतील एक नाव आहे नाईक यशवंत घाडगे.

यशवंत घाडगे यांचा जन्म १९२१ साली झाला. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले पळसगाव हे त्यांचे गाव. पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील इतर सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले आणि त्यांनी ती जागा काबीज केली. त्याच वेळी दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या लागून ते पडले. त्यांचे वय तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक देण्यात आले. त्यांची समाधी कोठेही नाही. आहे ते केवळ फलकावरचे नाव. तरीही ते नाव कोरलेले राहिले, म्हणून माणसे त्यांचा माग काढू शकली. ज्या भागात ते लढले, तेथील मोंतोने या डोंगरी गावात २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे बोधवाक्य त्याच्याशी जोडलेले आहे. वीरगळावरचा सूर्य आणि मोंतोनेच्या घड्याळावर सावली पाडणारा सूर्य एकच आहे. फरक इतकाच, की येथे त्या सूर्याखाली नावही टिकून आहे.

कासिनोच्या परिसरात आणखीही समाधिस्थाने आहेत. मठाजवळच्या उतारावर पोलंडच्या १,००० हून अधिक सैनिकांचे समाधिस्थान आहे. थोड्याच अंतरावर काइरा या गावी २०,००० हून अधिक जर्मन सैनिक चिरनिद्रा घेत आहेत. कासिनोला जाऊन केवळ आपल्या बाजूचे समाधिस्थान पाहणारा प्रवासी युद्धाचे अर्धेच पुस्तक वाचतो. ज्या राजवटीसाठी ते जर्मन तरुण लढले, ती क्रूर व अन्यायी होती, यात शंका नाही. परंतु त्यांची वाट पाहणाऱ्या आयाही होत्याच. अन्यायाला अन्याय म्हणावे आणि तरीही मेलेल्या माणसाला माणूस म्हणावे, या दोन गोष्टी एकाच मनात राहू शकतात. किंबहुना तसे मन घडविणे, हेच रणांगण पाहण्याचे खरे फळ आहे.

मात्र जगातील सर्वच स्मारकांनी सर्वांना सारखी वागणूक दिलेली नाही. पहिल्या महायुद्धात इराकच्या भूमीवर, ज्याला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत, भारतीय सैनिक मोठ्या संख्येने लढले. कुट शहराचा वेढा डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. त्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या. उपासमार, रोगराई आणि शेवटी कैद त्यांच्या वाट्याला आली. त्या मोहिमेत मेलेल्यांसाठी बसरा येथे एक मोठे स्मारक बांधण्यात आले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. परंतु साध्या भारतीय शिपायांची नावे कोरली गेली नाहीत. त्यांच्या पलटणीचे नाव आणि पुढे केवळ मृतांची संख्या, एवढेच तेथे लिहिले गेले.

ज्या संस्थेने हे स्मारक उभारले, तिची स्थापना १९१७ साली झाली होती. हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून मृतांत भेद करावयाचा नाही, हे तिचेच तत्त्व होते. तेच तत्त्व बसऱ्याला मोडले गेले. पुढे पुष्कळ काळ लोटल्यावर, २०२१ साली, त्या संस्थेने, म्हणजे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने, आपल्या जुन्या कामाची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सुमारे ४५,००० ते ५४,००० सैनिकांच्या स्मरणात असमानता राहिली, आणि आणखी किमान १,१६,००० जणांचे नावाने स्मरण झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे त्यात कबूल करण्यात आले. हे लोक बहुतेक आशिया व आफ्रिका या खंडांतील होते. आयोगाने त्याबद्दल क्षमाही मागितली. उशिरा का होईना, चूक मान्य करणे चांगलेच. परंतु आपल्या मुलाचे नाव कोठे तरी कोरलेले असेल, या आशेवर राहिलेल्या आईबापांना ती क्षमा ऐकू येणे शक्य नव्हते.

येथे कुणी असा प्रश्न विचारील, की परक्या राजवटीसाठी लढलेल्या या शिपायांची आठवण तरी कशाला ठेवावी? हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. ते युद्ध भारताने पुकारले नव्हते आणि त्या शिपायांना कुणी त्यांचे मत विचारले नव्हते. कुणी घरच्या गरिबीमुळे, कुणी वाडवडिलांची परंपरा म्हणून, तर कुणी दिलेला शब्द पाळावयाचा म्हणून समुद्रापार गेला. परंतु त्यांचे स्मरण करणे म्हणजे त्या राजवटीचा गौरव करणे नव्हे. उलट, ज्या राजवटीने त्यांना जिवंतपणी शिपाई म्हणून वापरले आणि मेल्यावर आकडा म्हणून लिहिले, तिने हिरावून घेतलेले नाव त्यांना परत देणे, हाच त्या स्मरणाचा अर्थ आहे.

आणि हे काम करण्यासाठी बसऱ्यास किंवा इटलीस जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रातील कित्येक गावांत पहिल्या महायुद्धानंतर लहानशा दगडी पाट्या बसविण्यात आल्या. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या सैनिकी परंपरेच्या गावातील ४६ जण त्या युद्धात कामी आले. परंतु आकडा वाचून मन हलत नाही, कारण आकड्याला चेहरा नसतो. ४६ हा आकडा काही एकदम मेला नाही. एकेक मनुष्य मेला आणि एकेका घरी निरोप आला.

अशा पाटीवरून रोज शाळेत जाणारी मुले पुष्कळ असतील. तिच्याकडे पाहण्यास सवड नसलेली वडील माणसेही असतील. काही ठिकाणी तर स्मारकाच्या भिंतीवर खिळ्याने स्वतःचे नाव कोरणारे प्रवासी दिसतात. ज्याने प्राण दिले त्याचे नाव वाचावयाचे नाही आणि आपले मात्र त्यावर खरडावयाचे, यासारखा दुसरा अविचार नाही. रणांगणावर जाणाऱ्याने हसूच नये, डबा उघडूच नये, असे नव्हे. ज्या माळावर एकदा तोफा धडधडल्या, तेथे आज मुले खेळतात ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु खेळण्यापूर्वी घटकाभर थांबावे, फलकावरील एक तरी नाव मोठ्याने वाचावे आणि ज्याचे ते नाव, तो कोणत्या गावचा, किती वर्षांचा, कशासाठी तेथवर आला, हे शोधण्याचा प्रयत्न करावा. नाव नसेल आणि आकडाच असेल, तर गावातील वृद्धांना विचारावे. कुणाच्या तरी घरी जुने पत्र असते, पेटीच्या तळाशी पदक असते, एखाद्या आजीने आपल्या सासूकडून ऐकलेली हकीकत असते. त्यातून मिळेल ते नाव वहीत लिहून ठेवावे.

वीरगळ कोरणाऱ्या पाथरवटाने सूर्य आणि चंद्र कोरले, त्या वेळी गाव हा वीर विसरणार नाही, अशी त्याची खात्री असली पाहिजे. म्हणूनच कदाचित नाव कोरण्याची त्याला आवश्यकता वाटली नसेल. त्याचा विश्वास गावाने राखला नाही. गेलेली ती नावे आता परत मिळणे कठीण आहे. परंतु ४६ मधील एखादे नाव अजूनही मिळू शकेल. ते सांगणारी व्यक्ती गावात हयात आहे तोवरच ते विचारून घेतले पाहिजे.