गाणं कच्चं आहे खरं, पण नेमकं कुठं?

बायकांनी केलेल्या गाण्याबद्दल बोलायची वेळ आली की आपल्यात दोन सवयी दिसतात. एक म्हणजे, आपल्याच पोरी आहेत, कशाला नावं ठेवायची, म्हणून टाळ्या वाजवून मोकळं व्हायचं. दुसरी, सूर कुठं घसरला आणि ताल कुठं सुटला एवढंच मोजायचं आणि गाणं म्हणतंय काय तिकडे कानच द्यायचा नाही. पहिलीत प्रेम असतं, पण त्या प्रेमानं कुणी शहाणं होत नाही. दुसरीबद्दल काय बोलायचं! ती आपण पुरुष समीक्षकांकडून उसनी घेतली आहे.

या दोन्ही सवयी बाजूला ठेवून मला एका कॅसेटबद्दल लिहायचं आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ऑलिम्पिया नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजच्या आसपास वावरणाऱ्या मुलींनी 1990 साली 'बिकिनी किल' नावाचा रॉक बँड काढला. गायला कॅथलीन हॅना, ड्रमवर टोबी व्हेल, बास गिटारवर कॅथी विल्कॉक्स, आणि गिटारवर बिली करेन हा एकटा पुरुष. 1991 मध्ये त्यांनी आठ गाण्यांची कॅसेट स्वतःच काढली. नाव ठेवलं 'रेव्होल्यूशन गर्ल स्टाइल नाउ', म्हणजे पोरींच्या पद्धतीची क्रांती, आणि ती आत्ता. पाठीशी कंपनी नाही, जाहिरात नाही. पुढे जगभर ज्याला 'रायट गर्ल' चळवळ म्हणू लागले, तिच्या अगदी सुरुवातीच्या खुणांपैकी ही एक. तेव्हा मात्र तो एका गावातल्या बँडचा नमुना होता, इतकंच.

ऐकायला ती कॅसेट ओबडधोबड आहे. वाद्यं एकमेकांवर आदळतात, शब्द अर्धेमुर्धेच हाती लागतात, ताल मधूनच पुढे धावतो. हे दोष नाहीतच असं म्हणणाऱ्या चाहत्यांशी मी सहमत नाही. पण या दोषांचा न्यायनिवाडा कसा झाला तेही पाहायला हवं. 1970 च्या दशकातल्या पंक संगीताचा सगळा तोराच मुळी 'वाजवता येत नसलं तरी वाजवा' असा होता. तीन कॉर्ड येणाऱ्या पोरांच्या कच्चेपणाला 'जोश' म्हटलं गेलं. तेच मुलींनी केलं की 'यांना वाजवता येत नाही'. ज्या घरात मुलाला गिटार मिळते आणि मुलीला 'आवाज कमी कर' ऐकायला मिळतं, तिथे मुलगी सराव करणार कुठं? ती स्टेजवरच शिकणार, सगळ्यांच्या देखत चुकणार. आपल्या पथनाट्यांतून पहिल्यांदा चौकात उभ्या राहिलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

कच्चेपणातलं सगळंच नाइलाजाचं नव्हतं, हेही लक्षात घ्यावं. कॅसेटमधलं 'डबल डेअर या' हे गाणं 1992 च्या त्यांच्या रेकॉर्डवर पुन्हा आलं. या वेळी ध्वनिमुद्रणाची जबाबदारी इयान मॅकाय या जाणत्या संगीतकाराकडे होती. तरीही गाणं सुरू होण्याआधी यंत्राची कर्कश शीळ ऐकू येते, हे असंच वाजायला हवं का अशी आपसातली विचारणा ऐकू येते, आणि मग बँडचं नाव आणि क्रांतीची हाक. कापून टाकणं सहज शक्य होतं. त्यांनी ठेवलं. तयार माल दाखवण्यापेक्षा तो तयार होताना दाखवायचा, हा निर्णय मला पटतो.

माझं भांडण आहे ते गाण्याच्या म्हणण्याशी, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

'डबल डेअर या' म्हणजे लहान मुलांच्या खेळातलं 'हिंमत असेल तर करून दाखव'. गाण्यात मुलीला दिल्या जाणाऱ्या ताकिदी येतात. मध्ये बोलू नकोस, पुरुष काय म्हणतो ते ऐक, वगैरे. पण त्याआधीच आव्हान सुरू झालेलं असतं. हवं ते कर, हवी तशी हो, मोठ्यानं रड. तुला हक्क आहेत याची आठवणही करून दिली जाते. हॅनाचा आवाज इथं कमाल करतो. लाडिक पोरीची नक्कल करता करता तो एकदम किंचाळीवर जातो, आणि त्या लाडिकपणामागे काय दाबलेलं होतं ते लख्ख दिसतं. इथवर मी गाण्याच्या बाजूनं आहे. पण त्याच भरात गाणं असं सुचवतं की न लढण्याचं तुझ्याकडे कारणच नाही. इथं मी थांबते.

कोणत्याही सल्ला केंद्रात आठवडाभर बसलेली कार्यकर्ती विचारील, कारण नाही? भाड्याच्या खोलीची पावती कुणाच्या नावावर आहे? मुलांच्या शाळेचं काय? माहेरी भाऊ-भावजय ठेवून घेतील का? बाई चार वेळा येऊन पाचव्यांदा परत नवऱ्याकडे जाते तेव्हा तिची हिंमत कमी पडलेली नसते. तिच्याजवळ कारणं असतात आणि ती तिनं आपल्यापेक्षा नीट मोजलेली असतात. हॅनाला हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही, कारण ती स्वतः ऑलिम्पियातल्या 'सेफप्लेस' या हिंसाग्रस्त बायकांच्या केंद्रात काम करत होती. म्हणूनच मला हे जास्त खटकतं. केंद्रात ऐकलेलं गाण्यात का उतरलं नाही? आव्हान एकटीला दिलं की अपयशही एकटीचंच ठरतं.

आणि मुलगी म्हणजे तरी कोणती मुलगी? या चळवळीतल्या बहुसंख्य मुली गोऱ्या होत्या, त्यातही शिकलेल्या. 1997 मध्ये मिमी थी न्युएन हिने 'इव्होल्यूशन ऑफ अ रेस रायट' नावाचा हस्तपत्रिकेच्या धर्तीचा संग्रह काढून बिगरगोऱ्या मुलींच्या तोंडून हाच प्रश्न उभा केला. आपल्याकडे 1998 मध्ये शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रिया वेगळं बोलतात हे मांडलं, तेव्हा 'आपण साऱ्या जणी' या शब्दांना असाच धक्का बसला होता. गिटार बेसूर असण्यापेक्षा हा कच्चेपणा मला मोठा वाटतो. सराव करून तो जात नाही.

आता त्याच कॅसेटमधलं दुसरं गाणं घ्या, 'फील्स ब्लाइंड'. हे संथ आहे. यात कुणाला आव्हान नाही. बाईला कायम भुकेलं राहायला शिकवलं जातं, इतकं की मिळेल ते, अगदी तिरस्कारसुद्धा, ती प्रेम समजून गिळते, असा त्याचा आशय. सगळ्यांची पानं उचलून झाल्यावर तव्यावरची उरलेली अर्धी भाकरी खाणाऱ्या बाईला इंग्रजीचा एक शब्द न कळताही हे कळेल. इथं ध्वनिमुद्रणातला खरखरीतपणा गाण्याला मदत करतो. घासूनपुसून हे गाणं सुरेल केलं असतं तर ते खोटं वाटलं असतं. या मुली कार्यक्रमात बायकांना पुढे बोलावत आणि गाण्यांचे शब्द कागदावर छापून वाटत. यंत्रांच्या गोंगाटात शब्द हरवू नयेत याची ती साधी सोय होती. आपल्या शिबिरांतल्या गाण्यांच्या पुस्तिकाही त्याच कामाच्या. कागद हातात असला की ऐकणारी गाऊ लागते, आणि पुढच्या खेपेला एखादी ओळ बदलायचीही तिला हिंमत होते.

बँड 1997 मध्ये मोडला, 2019 मध्ये पुन्हा उभा राहिला. ही कॅसेट 2015 मध्ये आणखी तीन जुन्या गाण्यांसकट नव्यानं निघाली. जुन्या ध्वनिफितीला आता वारशाचा मान आहे आणि तिच्यावर टीका करणं काहींना पाप वाटतं. हॅना यांच्या 2024 च्या आत्मकथनामुळे नव्या वाचक मुलींचं लक्ष परत तिकडे गेलं आहे. या मुलींनी दोन्ही गाणी ऐकावीत. युवतींच्या शिबिरात पहिल्या दिवशी सकाळी, अजून कुणी कुणाशी बोलत नसतं तेव्हा, 'डबल डेअर या' लावायला माझी हरकत नाही. मरगळ झटकायला ते उत्तम आहे. पण दुपारी एखादी घरचं सांगू लागेल, तेव्हा ते बंद करून 'फील्स ब्लाइंड' लावा. शब्द मराठीत करून छापा, आणि शेवटी दोन ओळींची जागा कोरी सोडा.