विश्लेषण : कुस्तीच्या मैदानाला देणगीदार, मग तंत्रज्ञान परिषदेला का नाही?

राहाता तालुक्यात यात्रेतल्या कुस्त्या, क्रिकेटचा चषक किंवा हरिनाम सप्ताहाची पंगत यांसाठी देणगीदार शोधत फार फिरावे लागत नाही. पावती पुस्तक घेऊन बाजारपेठेत चक्कर मारली की आकडा जमतो. मात्र गावातल्या मुलांनी एकत्र येऊन पायथन, वर्डप्रेस किंवा मुक्त सॉफ्टवेअरवर एक दिवसाची परिषद घ्यायची म्हटली, की पहिला प्रश्न येतो, ‘पैसे कोण देणार?’ हा प्रश्न फक्त राहात्याचा नाही. जगभरातील स्वयंसेवी तंत्रज्ञान परिषदा सध्या त्याच प्रश्नाशी झगडत आहेत. प्रायोजक का मिळत नाहीत, नियम काय सांगतात आणि तालुक्याच्या ठिकाणी हे गणित कसे बसू शकते, याचा हा आढावा.

‘कम्युनिटी’ परिषद म्हणजे काय?

कंपनी स्वतःच्या उत्पादनासाठी भरवते तो मेळावा वेगळा आणि कॉलेजचा टेकफेस्ट वेगळा. कम्युनिटी परिषद स्वयंसेवक भरवतात. वक्ते मानधन घेत नाहीत, आयोजकांना पगार नसतो आणि नफा हा हेतू नसतो. ‘पायकॉन इंडिया’ हे त्याचे ठळक उदाहरण. पहिली परिषद २००९ मध्ये बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाली. सप्टेंबर २०११ मध्ये ती पुण्यात भरली आणि पायथन भाषेच्या मुख्य विकसकांपैकी एक रेमंड हेटिंगर तिथे बोलायला आले होते. वर्डप्रेस वापरणाऱ्यांचे ‘वर्डकॅम्प’ मुंबई-पुण्यापुरते न राहता नाशिक, नागपूर, कोल्हापूरपर्यंत पोहोचले. २०२६ च्या ‘वर्डकॅम्प एशिया’साठी तर मुंबईचीच निवड झाली. म्हणजे महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. ती अजून तालुक्यापर्यंत आलेली नाही, इतकेच.

राहात्यात अशा परिषदेची गरज कोणाला?

तालुक्यातच लोणी येथे १९८३ पासून प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेजारी कोपरगाव आणि संगमनेरलाही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. दरवर्षी इथून मुले-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात. वर्गातला अभ्यासक्रम आणि कंपनीतले प्रत्यक्ष काम यांत जे अंतर असते, ते अशा परिषदांत थोडे कमी होते. पाच वर्षे पुढे असलेला कोणी तरी समोर बसून सांगतो, की मुलाखतीत काय विचारतात, पहिला प्रकल्प कसा फसतो, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पहिली दुरुस्ती कशी पाठवायची.

आज त्यासाठी पुणे गाठावे लागते. जाण्या-येण्याचे भाडे, राहण्याची सोय आणि मुलींच्या बाबतीत घरची परवानगी, इथेच निम्मी नावे गळतात. दुसरीकडे शिर्डीला रेल्वे आहे, २०१७ पासून विमानतळ आहे, समृद्धी महामार्ग आहे आणि मुक्कामासाठी हॉटेलांची रांग आहे. बाहेरचा वक्ता इथे येणे अवघड राहिलेले नाही. अडते ते पैशापाशी.

मोठ्या कंपन्या हात का आखडतात?

प्रायोजक कंपनी तीन गोष्टी पाहते. भरतीसाठी उमेदवार मिळतील का, आपले उत्पादन विकसकांच्या हातात जाईल का आणि नाव दिसेल का. भरतीचा जोर होता तेव्हा हा खर्च सहज मंजूर होत असे. २०२२ च्या अखेरीस जगभर नोकरकपात सुरू झाली. भरतीच थांबली, तर भरतीच्या नावाने होणाऱ्या खर्चाला कात्री लागणे ओघाने आले. उरलेले पैसे मग हजारो लोक येतात अशा महानगरातील मोठ्या परिषदांकडे वळतात. दोनशे जणांची तालुक्याची परिषद त्या यादीत बसत नाही.

कंपन्या नाहीत तर ना-नफा संस्था, हा पर्यायही आता तितका भरवशाचा नाही. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन जगभरातील छोट्या परिषदांना अनुदान देत आले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या वर्षाचा निधी संपल्याने हा कार्यक्रम थांबवावा लागला. अशा संस्थांच्या तिजोरीतही मोठा वाटा शेवटी प्रायोजक कंपन्यांचाच असतो. वरचा झरा आटला, की खालच्या विहिरीही आटतात.

मग सीएसआर निधी का वापरत नाहीत?

नवे आयोजक हमखास इथे ठेच खातात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. पण उत्पादनाच्या किंवा सेवेच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व त्यात धरले जात नाही, असे नियमच सांगतो. एकदाच होणारे कार्यक्रमही त्यात मोजले जात नाहीत, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. म्हणजे ‘तुमचा लोगो लावतो, सीएसआरमधून पैसे द्या’ हे वाक्य कंपनीच्या दारात पहिल्याच मिनिटाला बाद होते. वर्षभर चालणारा प्रशिक्षण उपक्रम असेल आणि तो राबवणारी नोंदणीकृत संस्था असेल, तर गोष्ट वेगळी.

राहाता परिसरात आणखी एक गुंता आहे. इथले मोठे उद्योग सहकारी आहेत आणि कलम १३५ कंपन्यांना लागू होते, सहकारी संस्थांना नाही. साखर कारखान्याने किंवा दूध संघाने मदत केली तर ती त्यांच्या संचालक मंडळाची इच्छा. शिर्डीच्या संस्थानाकडे बोट दाखवणेही सोपे आहे, पण तो भाविकांचा निधी आहे आणि संस्थानाचा कारभार २००४ च्या स्वतंत्र कायद्याने चालतो. परिषदेच्या अंदाजपत्रकात तो आकडा धरणे चूक ठरेल.

प्रायोजक तयार झाला, तरी चेक कोणाच्या नावे?

बहुतेक गट व्हॉट्सॲपवर जमलेले असतात. त्यांच्याकडे पॅन नसतो, बँक खाते नसते. कंपनीला मात्र रीतसर बिल लागते, आधी पुरवठादार म्हणून नोंदणी लागते आणि त्यानंतरही पैसे यायला दोन-तीन महिने लागू शकतात. आचारी आणि मंडपवाला मात्र आगाऊ रक्कम मागतात. मग कोणी तरी स्वयंसेवक स्वतःच्या खात्यातून पैसे घालतो. अशा कामात माणसे तुटतात ती इथे.

करही आहे. प्रायोजकत्व ही जीएसटीच्या दृष्टीने सेवा आहे आणि तिच्यावर १८ टक्के कर लागतो. प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल, तर अनेकदा हा कर प्रायोजकानेच थेट सरकारकडे भरायचा असतो. मात्र आयोजक संस्था स्वतःच कंपनी स्वरूपाची असेल, तर १६ जानेवारी २०२५ पासून कर आकारण्याची जबाबदारी आयोजकांवर आली आहे. बोलणी सुरू करण्याआधी गावातल्या सी.ए.कडे अर्धा तास बसणे म्हणूनच फायद्याचे.

यावर जगात रुळलेला उपाय म्हणजे पालक संस्था. छोट्या गटाने स्वतः नोंदणीच्या भानगडीत न पडता आधीच नोंदलेल्या संस्थेच्या खात्यातून व्यवहार करायचा. पायकॉन इंडियामागे पायथन सॉफ्टवेअर सोसायटी ऑफ इंडिया आहे, वर्डकॅम्पचे पैसे वर्डप्रेसच्या मध्यवर्ती व्यवस्थेतून फिरतात. मुक्त सॉफ्टवेअरसाठी २०२० मध्ये सुरू झालेली ‘फॉस युनायटेड’ ही संस्था स्थानिक गटांना हातभार लावते. तालुक्यात ही भूमिका महाविद्यालय किंवा माजी विद्यार्थी संघ निभावू शकतो.

खर्चाचे गणित बसते का?

एक साधे उदाहरण घेऊ. समजा २०० जण येणार आहेत. जेवण, नाश्ता, चहा माणशी ३०० रुपये धरले तर ६० हजार. सभागृह, ध्वनी व्यवस्था आणि प्रोजेक्टर ४० हजार. बाहेरच्या आठ वक्त्यांचा प्रवास व मुक्काम सरासरी ५ हजार धरून ४० हजार. टी-शर्ट २५० रुपयांप्रमाणे ५० हजार. एकूण १ लाख ९० हजार. तिकीट २०० रुपये ठेवले तर ४० हजार जमतात आणि दीड लाखाचा खड्डा उरतो.

आता यातून टी-शर्ट काढले तर खड्डा १ लाखावर येतो. महाविद्यालयाने सभागृह यंत्रणेसह दिले, की ६० हजार. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेतील विद्यार्थ्यांनी पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या साथीने ‘ग्नूनिफाय’ अनेक वर्षे अशीच कॉलेजच्या आवारात भरवली. उरला जेवणाचा खर्च. तो रोख न मागता वस्तुरूपाने मिळू शकतो आणि ते कसे करायचे हे या भागाला कोणी शिकवायची गरज नाही. गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात गावोगावच्या घरांतून भाकरी येतात आणि आमटी एका ठिकाणी शिजते. एकाच दात्यावर भार पडत नाही आणि कोणा एकाच्या रुसण्याने पंगत उठत नाही. परिषदेचा नाश्ता एका हॉटेलने, दूध-चहा संकलन केंद्राने, पेरू बागायतदाराने, वक्त्यांच्या दोन खोल्या शिर्डीतल्या लॉजने द्यायच्या. असे झाले, तर तिकिटाच्या ४० हजारांत वक्त्यांचा प्रवास भागतो. प्रत्यक्षात आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण दीड लाख रोख देणारा एकच प्रायोजक शोधण्यापेक्षा हा रस्ता खूप जवळचा आहे.

स्थानिक दुकानदार यात का पडेल?

‘सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम’ अशी इंग्रजी पत्रिका त्याच्यासमोर ठेवली तर नाहीच पडणार. महानगरातील पत्रिकेची नक्कल ही तालुक्यातील आयोजकांची सर्वांत मोठी चूक असते. कृषी सेवा केंद्राच्या मालकाला विकसक नोकरीला ठेवायचे नाहीत. त्याला उधारीची नोंद नीट हवी आहे. लॉजवाल्याला स्वतःच्या वेबसाइटवर आरक्षण हवे आहे, बागायतदाराला बाजारभाव वेळेवर हवे आहेत. परिषदेतली चार सत्रे या प्रश्नांवर, मराठीत ठेवली, तर तो देणगीदार न राहता श्रोता होतो. पुढच्या वर्षी त्याच्याकडे जाताना मग वेगळी ओळख सांगावी लागत नाही.

पैशाबरोबर अटी आल्या तर?

ज्याचा पैसा त्याचे भाषण, हा धोका नेहमीचा आहे. व्यासपीठ एकदा विकले, की श्रोत्यांना ते लगेच कळते. म्हणूनच वर्डकॅम्पमध्ये प्रायोजकाला भाषणाची वेळ विकत घेता येत नाही. पण तिथेही वाद टळले नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘वर्डकॅम्प यूएस’मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलनवेग यांनी त्याच परिषदेच्या प्रायोजकांपैकी एक असलेल्या डब्ल्यूपी इंजिन या कंपनीवर जाहीर टीका केली आणि प्रकरण न्यायालयात गेले. एकाच मोठ्या हातावर अवलंबून असले, की दोन मोठ्यांच्या भांडणात कार्यक्रम अडकतो. तालुक्यात हा हात कंपनीऐवजी नेत्याचा असेल. उद्घाटन, सत्कार आणि मनोगतात दुपार गेली, तर विद्यार्थी परत येणार नाहीत. भाषणे कोणाची हे वक्ता निवड समितीच ठरवेल, हे मदत घेण्याआधी लेखी सांगणे बरे.

पुढे काय करायला हवे?

अमेरिकेतल्या पायकॉनमध्ये वक्ते आणि आयोजकांसह सगळे तिकीट काढतात. तशी शिस्त इथेही चालेल. फुकट नोंदणीत निम्मे येत नाहीत आणि जेवण वाया जाते. ज्याला दोनशे रुपये जड आहेत त्याच्यासाठी काही जागा राखता येतात आणि त्या जागांचे पैसे नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी भरू शकतात. पुणे-मुंबईत स्थिरावलेल्या या पिढीकडे आजवर कोणी पावती पुस्तक घेऊन गेलेलेच नाही.

दुसरी गोष्ट सातत्याची. बेळगावात अभियांत्रिकी शिकलेले अतुल चिटणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये बंगळूरुला सुरू केलेली परिषद पुढे ‘फॉस डॉट इन’ नावाने देशभर गाजली. २०१२ मध्ये तिची शेवटची आवृत्ती झाली आणि २०१३ मध्ये चिटणीस गेले. इतकी मोठी परिषदही थांबू शकते, तर तालुक्यातली परिषद एक-दोन उत्साही मुलांच्या जोरावर टिकणार नाही. ती मुले पदवी घेऊन पुण्याला जातील तेव्हा हिशोबाची वही, देणगीदारांची यादी आणि वक्त्यांचे संपर्क पुढच्या तुकडीच्या हाती असायला हवेत. कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांत जमा-खर्च जाहीर करणे हा त्याचाच भाग. गणेश मंडळाचा हिशोब ज्या फळ्यावर लागतो, तिथेच तो लावला तरी चालेल.

सुरुवात दोनशे जणांनीच करायची गरज नाही. महिन्याच्या एका रविवारी तीस जण, एक वर्ग, एक प्रोजेक्टर आणि चहाचा खर्च वाटून घ्यायचा, एवढ्यावर सहा महिने काढले, तर मोठ्या परिषदेसाठी मदत मागायला जाताना हातात दाखवण्यासारखे काही तरी असेल. प्रायोजक शोधण्याची घाई त्यानंतर.