पाऊल आणि ताल

‘पडणे’ या क्रियापदाचे मराठीवर फार उपकार आहेत. पाऊस पडतो, स्वप्न पडते, भाव पडतात (दिवाळीच्या तोंडावर मात्र कधीच नाही!), मुले प्रेमात पडतात आणि त्यांचे वडील तोंडघशी पडतात. यातल्या कुठल्याही पडण्याने हाड मोडत नाही. परंतु सत्तरी उलटलेले माणूस पहाटे मोरीच्या उंबऱ्याशी पडते, तेव्हा खुब्याचे हाड मोडते आणि घराची सारी घडीच विस्कटते. जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे, आणि त्यांत साठीपुढचीच अधिक.

यावर आपल्या घरांतून एकच उपाय चालतो : “आई, तुम्ही बसा. पाणी मी देते.” यात माया असते, नाही असे नाही. पण बसून बसून मांड्यांतली ताकद जाते, ताकद गेली की भीती वाढते, आणि भीतीने पाऊल आखडले की ते अधिकच अडखळते. आपण सुना मायेने सासूला पाडतो, असे म्हटले तर राग येईल. पण थोडे तसेच आहे.

स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली एक साधी गोष्ट टिपली. वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांशी त्यांनी चालता चालता गप्पा सुरू केल्या. बोलायचे म्हणून १२ जण चालायचे थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले! म्हणजे चालणे हे केवळ पायांचे काम नव्हे. वय वाढते तसे चालण्याकडेही लक्ष पुरवावे लागते, आणि फोन वाजला, नातवाने हाक मारली, की ते लक्ष दुसरीकडे जाते.

इथेच संगीताचा प्रवेश होतो. जिनिव्हाच्या संगीतशाळेत एमिल झाक-दालक्रोझ नावाचे शिक्षक होते. मुले सूर अचूक लावीत, पण लय त्यांच्या अंगात नसे. म्हणून ते मुलांना तालावर चालायला लावू लागले. १९१५ साली त्यांनी जिनिव्हात स्वतःची संस्था काढली. पुढे त्याच गावातल्या डॉक्टरांनी पासष्टीपुढच्या १३४ जणांवर ही पद्धत अजमावली आणि २०१०-११च्या सुमारास तिचे फळ प्रसिद्ध केले. आठवड्याला एक तास, सहा महिने. पियानो वाजेल तसे चालायचे, लय बदलली की पाऊल बदलायचे, कधी हातात वस्तू घेऊन चालायचे. पडण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

मग कुठलाही नाच चालेल काय? तसे नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीकडे निवृत्तांच्या २३ वसाहतींतल्या सुमारे ५३० जणांवर प्रयोग झाला; त्यांतल्या साधारण निम्म्यांना वर्षभर जोडीचे नाच किंवा लोकनृत्ये शिकवली. पडणे काही कमी झाले नाही. २०१६ साली त्यांनी ते प्रामाणिकपणे छापलेही. मला वाटते, गुण नुसत्या नाचण्यात नसावा. लय अचानक बदलते, तोल या पायावरून त्या पायावर न्यावा लागतो, आणि कानही जागा ठेवावा लागतो, त्यात तो असावा.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. माहेरी त्यांची फुगडी नावाजलेली. इथे दोन वर्षे खुर्ची सोडीनात. आता फुगडी या वयात नकोच. पण झिम्म्यातले मागेपुढे होणे आणि वारकऱ्यांची पावली यांत हाच तोल सांभाळण्याचा सराव आहे. आधी डॉक्टरांना विचारले. चक्कर कशाने येते, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, डोळ्यांचा नंबर बदलला का, हे त्यांनी पाहिले. मग आमच्या इमारतीतल्या सात-आठ जणी मंगळवारी संध्याकाळी जमू लागल्या. तळमजल्यावरचे काका पेटी वाजवतात आणि मुद्दाम मधेच लय बदलतात. “अहो, सांगून तरी बदला!” म्हणून सासूबाई त्यांच्यावर ओरडतात. सांगून बदलायची नाही, हाच तर नियम.

कोण किती पडायचे वाचले, हे सात-आठ जणींवरून कसे सांगणार? सासूबाई मात्र हल्ली कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला एकट्या जातात, आणि भाव पडला नाही म्हणून भांडून येतात. फराळाच्या गडबडीत दोन मंगळवार बुडाले आहेत. पाडव्यानंतर पुन्हा सुरू करायचे. खुर्च्या भिंतीला टेकवलेल्या, जमिनीवर सतरंजी नाही, आणि पायांत पट्ट्याच्या चपला.