आकाशाचा धडा

तेल घ्यायला घरचा डबा नेला, की दुकानदार आधी रिकाम्या डब्याचा धडा करतो आणि मगच तेल तोलतो. खगोलशास्त्रज्ञांनाही हेच करावे लागते. त्यांचा डबा म्हणजे आकाश!

तारे जन्माला येतात ते धुळीच्या दाट ढगांत. साधा प्रकाश तिथून बाहेर पडू शकत नाही. तांबड्या रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मात्र बऱ्याच अंशी निसटतात. ते टिपणारा 'टिरकॅम-२' हा कॅमेरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तयार केला. पुण्याजवळच्या गिरवलीच्या दुर्बिणीवर त्याने काम केले. पुढे नैनिताल जिल्ह्यातील देवस्थळच्या, २०१६ साली सुरू झालेल्या ३.६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला तो जोडण्यात आला. त्यातील किरण टिपणारा भाग उणे २३८ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवतात.

आकाश थोडेच थंड करता येते? सुमारे ९० किलोमीटर उंचीवर हायड्रॉक्सिलचे रेणू रात्रभर चकाकत असतात. डोळ्यांना काळेभोर दिसणारे आकाश या कॅमेऱ्याला उजळ दिसते. शिवाय हा उजेड काही मिनिटांत बदलतोही. म्हणजे डब्याचे वजनच स्थिर नाही!

यावरची युक्ती सोपी आहे. दुर्बीण दर वेळी किंचित सरकवून थोड्याथोड्या सेकंदांची पुष्कळ चित्रे घ्यायची. तारा प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी पडतो. आता चित्रातल्या एकाच जागेचे आकडे पाहा: १०००, १००२, ९९९, १४५०, १००१. सरासरी येते १०९०. एका चित्रात तिथे आलेल्या ताऱ्याने ती बिघडवली. त्याऐवजी आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचलावा, १००१. हे झाले त्या जागचे आकाश. ते वजा करायचे, मग ताऱ्यावर तारा जुळवून सर्व चित्रांची बेरीज करायची. अंधुक तारेही वर येतात.

मृगातल्या तेजोमेघापुढे मात्र ही युक्ती फसते. कॅमेऱ्यात मावते चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम विसाव्या भागाएवढे आकाश, आणि तेजोमेघ तर प्रत्येक चित्रभर पसरलेला. त्याचाच उजेड आकाश म्हणून धरला जातो आणि वजाबाकीत तो पुसला जातो. चित्र दिसते स्वच्छ, सुरेख. म्हणूनच फसगत होते. यासाठी दर थोड्या वेळाने दुर्बीण शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे वळवावी लागते. मोजक्या मिळालेल्या रात्रीतला निम्मा वेळही कधी यातच जातो. तो वाचवण्याचा मोह होणे साहजिक आहे. पण राहिलेला धडा दुसऱ्या रात्री करता येत नाही, तोवर आकाश बदललेले असते.