उतारा हाताशी हवा

औषध कपाटात आहे, पण कपाटाची किल्ली परगावी, अशी आपली गत झाली आहे.

अफू, हेरॉईन किंवा त्याच जातीच्या वेदनाशामकांची मात्रा जास्त झाली की माणसाचा श्वास मंदावतो आणि शेवटी थांबतो. अशा वेळी नॅलॉक्सोन दिले तर काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचे नाव आहे. परंतु डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानदाराने ते द्यायचे नाही असा नियम आहे. बेशुद्ध माणसाने चिठ्ठी आणायची कोठून?

चाकणच्या एखाद्या खोलीत रात्रपाळीहून परतलेल्या कामगाराला आपला सोबती असा पडलेला दिसला, तर पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय गाठेपर्यंत नाशिक रस्त्यावरची वाहनांची रांग आडवी येते. मेंदू प्राणवायूवाचून तेवढा वेळ थांबत नाही. शिवाय नशा करणे हाच गुन्हा, म्हणून सोबती पोलिसांच्या भीतीने हाक मारायलाही कचरतो.

हा चारदोघांचा प्रश्न नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात. असा प्रसंग ज्यांच्यासमोर घडू शकतो, त्यांच्या हाती हे औषध असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितले. अमेरिकेने २०२३ मध्ये त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीविना विकण्यास परवानगी दिली.

कोणी म्हणेल, उतारा मिळाला की व्यसन बोकाळेल. कारखान्यात वाळूच्या बादल्या टांगल्या म्हणून कोणी आग लावतो काय? नॅलॉक्सोनने नशा चढत नाही, चढलेली उतरते. त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दारूवर ते चालत नाही. २०२० मध्ये चाकण परिसरात पोलिसांनी २० किलो मेफेड्रोन पकडले, त्यावरही नाही. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, म्हणून रुग्णालय चुकत नाही.

याच पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. औषध सामान्य माणसापर्यंत पोचवण्याची परंपरा या गावाला नवी नाही. औषधविक्रेत्याने वापर समजावून सांगून चिठ्ठीविना नॅलॉक्सोन द्यावे आणि कारखान्यांच्या प्रथमोपचार पेटीतही ते असावे, एवढीच मागणी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मित्रांनी आपापल्या भागातील दहा दुकानांत ते आहे का, एवढे विचारून आले, तरी कामाला सुरुवात होईल.