लघुग्रहाची टक्केवारी वाढली, म्हणजे धोका वाढला का?

फेब्रुवारीत पुसदहून चुलतभावाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. लोणार सरोवराचा फोटो, त्यावर लाल अक्षरात ‘२०३२ : विदर्भात पुन्हा?’ आणि खाली त्याचा प्रश्न: "दादा, हे खरं आहे काय? आई रात्रभर झोपली नाही."

काकूंचं घाबरणं मला समजतं. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकत गेले होते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे तर धातूची भलीमोठी रिंग पडली. तो चिनी रॉकेटचा कचरा निघाला, पण काकूंनी ते गच्चीवरून बघितलं होतं. वरून काही पडतं, हे त्यांना माहीत आहे.

आणि अडचण अशी की हा फॉरवर्ड पूर्ण खोटाही नव्हता. २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह खरा आहे, रुंदी साधारण ६० मीटर. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता नासाने जानेवारीअखेर १ टक्क्याच्या वर दाखवली, १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के. संभाव्य पट्टा दक्षिण आशियापर्यंत येत होता, म्हणून मुंबई-कोलकात्याची नावं बातम्यांत आली. ‘विदर्भात’ हे मात्र कुणीतरी घरी बसून जोडलेलं.

मग आकडा रोज का वाढत होता? मूळ कारण त्याच्या कक्षेत आहे. पृथ्वीची कक्षा जवळपास गोल, याची मात्र चांगलीच लांबट. सूर्यापासून सुमारे १३ कोटी किलोमीटरपर्यंत जवळ येतो आणि परत ६२ कोटींच्या पुढे, गुरूच्या दिशेने निघून जातो. एका फेरीला साधारण चार वर्षं. २५ डिसेंबर २०२४ ला तो आपल्याजवळून गेला आणि चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला सापडला २७ ला, म्हणजे जाताना. वर तो जवळपास सरळ रेषेत लांब चालला होता. रात्री वर्धा रोडवर पुढे गेलेल्या ट्रकचा लाल दिवा बघा: दिवा लहान होतो, पण ट्रक किंचित डावीकडे जातोय की उजवीकडे, ते कळत नाही. तसंच झालं.

आता गूगल मॅप्स उघडा. जीपीएस कमजोर असलं की तुमच्या टिंबाभोवती मोठं निळं वर्तुळ येतं. त्यात तुमचं घरही असतं आणि आख्खा मोहल्लाही. सिग्नल सुधारला की वर्तुळ आकसतं. घर अजून आतच असेल तर त्या लहान वर्तुळात घराचा वाटा वाढतो. तुम्ही घराकडे सरकलाच असाल असं नाही, फक्त अंदाज नेमका होतोय. शेवटी वर्तुळ शेजारच्या गल्लीवर स्थिरावलं की घराचा वाटा शून्य.

वायआर४ चं अगदी हेच झालं. निरीक्षणं वाढली, शक्यतेचा पट्टा आकसला, पृथ्वी काही दिवस त्यातच राहिली, म्हणून टक्के चढले. मग पट्टा बाजूला सरकला. १९ फेब्रुवारीला १.५ टक्के, २४ ला ०.००४ टक्के. चढणारा आकडा सगळ्या ग्रुपवर फिरला. उतरलेला कुणी फॉरवर्ड केला? माझ्याकडे तरी एकही आला नाही.

जून २०२५ मध्ये नवा आकडा आला: २०३२ मध्ये तो चंद्रावर आदळण्याची शक्यता ३.८ वरून ४.३ टक्के. यावरही थंबनेल सुरू झाली. निळं वर्तुळ आठवा. तेव्हाही न आदळण्याची शक्यता सुमारे ९६ टक्के होती. लघुग्रह तेव्हा इतका लांब गेला होता की जमिनीवरच्या दुर्बिणींना दिसत नव्हता, त्यामुळे मधल्या काळात कुणी ‘ताजी टक्केवारी’ सांगितली तर तारीख विचारा. २०२८ मध्ये तो पुन्हा जवळ येईल. स्वतः बघायचं तर नासाची ‘सेंट्री’ यादी मोबाईलवर फुकट उघडते.

काकूंना मी निळ्या वर्तुळाचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यांचा उलट प्रश्न आला: "मग २०२८ ला तू सांगशील ना?" हो म्हणालोय.