कोठार आणि तट

‘स्ट्राँगहोल्ड’ हा २००१ साली फायरफ्लाय स्टुडिओजने आणलेला, मध्ययुगीन इंग्लंडमधील किल्ला उभारण्याचा संगणकीय खेळ. नवखा खेळाडू आधी तट उंचावतो आणि तेथेच फसतो. गव्हाचे शेत, गिरणी, भट्टी ही साखळी पूर्ण झाल्याविना कोठारात पाव येत नाही. रिकाम्या कोठारावर कर वाढविला, की लोकप्रियता ५० च्या खाली घसरते आणि रयत गड सोडू लागते. शत्रू अद्याप दिसलेलाही नसतो! शिकारी न नेमताही सफरचंद, चीज व पाव यांवर गड जगतो, हे जैन घरातील मुले लवकर हेरतात. बाजारातील विक्रीचा भाव खरेदीहून कमीच असतो. मात्र दुप्पट शिधा मिळाला, की तीच रयत चढा करही सोसते.